पांचाळबाईंचं रोगण

पांचाळबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या ते दोनच शब्द. "कप उचला."

एकोणीसशे सत्तरचा जून होता. राहात्याहून मी नगरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायला नुकतीच आले होते. शिक्षिकांच्या खोलीत मधोमध एक लांबरुंद सागवानी टेबल होतं आणि मी त्यावर गरम चहाचा कप ठेवला होता. दचकून उचलला, तर खाली पांढरं गोल कडं उमटलेलं. पन्नाशी ओलांडलेल्या, सावळ्या, किडकिडीत अशा एक बाई कोपऱ्यातल्या खुर्चीवरून उठून आल्या. त्या कड्यावरून त्यांनी बोटांची मागची बाजू फिरवली आणि दमलेल्या आवाजात म्हणाल्या, "पॉलिश आहे हे. रोगण असतं तर तुमच्या चहानं काही बिघडलं नसतं."

"दोन्ही एकच ना?" मी विचारलं.

"तुम्हीच रसायन शिकवणार ना आठवीला?" त्या म्हणाल्या, आणि घंटा झाली म्हणून खडू घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी पर्समधून त्यांनी औषधाच्या बाटलीतलं स्पिरिट आणि मऊ फडक्याचा तुकडा काढला. मधल्या सुट्टीत डबा न उघडता आधी ते कडं घालवलं. घालवता घालवता मला सांगितलं, की चपड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात ते पॉलिश. स्पिरिट उडून जातं, लाख मागे राहते. ती लवकर चमकते आणि लवकर रुसते. पाणी चालत नाही, ऊन चालत नाही, चहा तर नाहीच. रोगण वेगळं. जवसाच्या तेलात राळ शिजवायची आणि ते लाकडाला द्यायचं. त्यातलं काही उडून जात नाही. ते हवा खाऊन घट्ट होतं.

"बघा तुमचं पुस्तक काय म्हणतं," त्या म्हणाल्या.

मी घरी जाऊन पाहिलं. पुस्तक तेच म्हणत होतं. फक्त त्यांच्याइतकं सोपं करून म्हणत नव्हतं.

कमला तुकाराम पांचाळ. मराठी शिकवायच्या, वरच्या वर्गांना. राहायला भिंगारला होत्या. सकाळी टांगा मिळाला तर टांग्यानं, नाहीतर चालत यायच्या. खोलीत आल्या की दाराजवळच्या पहिल्या खुर्चीवर बसून चपला काढायच्या आणि पाय जमिनीला टेकवून दोन मिनिटं डोळे मिटायच्या. तेवढ्या वेळात त्यांच्याशी कुणी बोलत नसे. संध्याकाळी शेवटचा तास संपला की "आज पुरे" म्हणायच्या. कुणाला उद्देशून नाही, स्वतःशीच. तीन वर्षांत मी त्यांना ताज्यातवान्या अशा कधी पाहिल्या नाहीत. पण त्या थकव्याला कुरकुरीचा सूर नव्हता. लांबचा रस्ता चालणारं माणूस थकतं तशा त्या थकलेल्या असायच्या.

त्यांच्या पर्समध्ये लग्नपत्रिकांचे तुकडे असायचे. पत्रिकेची कोरी बाजू कापून त्यांनी पत्त्यांएवढ्या चिठ्ठ्या केलेल्या असत आणि प्रत्येक चिठ्ठीवर एकेक शब्द. सुतारांचे, लोहारांचे, कासारांचे. शब्द, त्याचा अर्थ, आणि खाली न चुकता सांगणाऱ्याचं नाव. "शब्द वाऱ्यावर येत नाही हो, कुणाच्या तरी तोंडातून येतो," त्या म्हणायच्या. उलटवली की मागे 'चि. सौ. कां.' असं काहीतरी अर्धवट छापलेलं दिसायचं.

त्यांचे वडील तुकाराम मिस्त्री हे नगरमधले नावाजलेले सुतार होते. बाईंचं लग्न चौदाव्या वर्षी झालं आणि सतराव्या वर्षी त्या पांढऱ्या कपाळानं माहेरी परत आल्या. वडिलांनी त्यांना चुलीपाशी बसवलं नाही, शाळेत घातलं. मोडी स्वतः शिकवली. पुढे वडील गेले, तेव्हा त्या अजून शिकत होत्या. चौथीतून शाळा सोडून रंधा धरलेल्या थोरल्या भावानं त्यांना शिक्षकाच्या ट्रेनिंगपर्यंत नेलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही टांग्यात, दुसरं काहीतरी सांगता सांगता.

एकदा तपासणीसाठी साहेब आले होते. त्या दिवसांत सरकारी कागदावरचे इंग्रजी शब्द काढून मराठी घालायची मोठी हौस होती. साहेब दहावीच्या वर्गात शिरले आणि बाकावर हात आपटून त्यांनी मुलींना विचारलं, "याला व्हार्निश लावलंय. व्हार्निशला शुद्ध मराठी शब्द सांगा." शेजारच्या वर्गातून मला सगळं ऐकू येत होतं. एक मुलगी म्हणाली, "रोगण." साहेब म्हणाले, "शाब्बास!"

पांचाळबाई म्हणाल्या, "साहेब, रोगण फारसी आहे."

"मग शुद्ध मराठी काय?"

"लाख म्हणता येईल. संस्कृतातल्या लाक्षेवरून आलेला. इथूनच तो परदेशी गेला आणि तिकडे त्याचं लॅकर झालं. पण या बाकाला लाख लावलेली नाही."

"म्हणजे शुद्ध शब्द नाहीच?"

"आहे ना. पण त्यानं बाक चमकत नाही."

मुली हसल्या. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं ते आम्हाला कळलं नाही. मात्र मुख्याध्यापिकाबाईंनी पांचाळबाईंना खोलीत बोलावून घेतलं. त्या बाहेर आल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? "मी उगाच वाद घालते म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "खरं आहे. पण मुलीनं बरोबर शब्द सांगितला होता. तो का बरोबर, हे तिला चुकीचं कळायला नको."

त्याच सुमारास पुण्याहून एक पत्र आलं होतं. तिथली काही मंडळी मराठीचा मोठा कोश करत होती आणि गावोगावच्या शिक्षकांकडून कारागिरांचे शब्द मागवत होती. वर्षानुवर्षं पर्समध्ये साठलेल्या चिठ्ठ्यांना एकदम पत्ता मिळाला. बाई रोज संध्याकाळी त्या चिठ्ठ्या मोठ्या कागदावर उतरवू लागल्या. एका रविवारी त्यांनी मला भिंगारला बोलावलं. तेल वाळतं म्हणजे नेमकं काय होतं, हे त्यांना माझ्याकडून लिहून हवं होतं.

भिंगारच्या जुन्या बाजारामागे दोन खोल्या आणि पुढे फरशीचं अंगण. अंगणात त्यांचा भाऊ, सदाशिव. सगळं भिंगार त्यांना सदूमिस्त्री म्हणायचं. छावणीतल्या पलटणी बदलल्या की बंगल्यांमधल्या खुर्च्या-टेबलं, कपाटं एका फर्निचरवाल्याकडे यायची आणि सदूमिस्त्री त्यांना पॉलिश करायचे. बायको बाळंतपणात गेलेली, मूलबाळ नाही. बहीण-भाऊ दोघंच. मिस्त्रींची नखं तपकिरी झालेली होती, जन्मभर कातडं कमावणाऱ्याची असावीत तशी. बोलताना मधेच थांबून ते श्वास गोळा करायचे.

"बसा बाई," ते मला म्हणाले. "कमळे, च्या टाक. ह्यांना त्या खुर्चीव बसवू नगं, वली हाय."

बाईंनी त्या आठवड्यात कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मोठा इंग्रजी कोश पाहिला होता. त्यात सापडलेलं त्यांनी चहा गाळता गाळता भावाला सांगितलं. "दादा, तू वार्निस म्हणतोस ना, तो शब्द इंग्रजांचाही नाही. त्यांनी तो फ्रेंचांकडून घेतला, फ्रेंचांनी लॅटिनातून. आणि त्याच्याही मागे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं एक गाव आहे. बेरेनिके. तिथून राळ यायची असं म्हणतात. आणि त्या गावाला नाव पडलं एका राणीवरून."

"म्हंजी वार्निस ह्ये रानीचं नाव व्हय?"

"तसंच म्हणायचं."

"तिला वास म्हाईत नसनार," मिस्त्री म्हणाले. जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आन् आपलं रोगन?"

"ते फारसी. तिकडं रोगण म्हणजे तेल. आणि तूपसुद्धा."

मिस्त्रींनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तूप?"

"तूप."

"कमळे, म्हंजी चाळीस वर्सं मी लोकांच्या टेबलांना तूप चोळलं, आन् आपल्या भाकरीला न्हाई!"

ते हसायला लागले आणि हसता हसता खोकायला लागले. खोकला थांबेना. बाईंनी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. खोकला थांबल्यावर ते पुन्हा हसले. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ऐकलंत? तो रोगन म्हणतो. फारसीत नच आहे. आपण शाळेतली माणसं रोगण म्हणतो आणि त्याला अशुद्ध ठरवतो." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो मी परत फार वेळा पाहिला नाही.

त्या दिवशी मला कळलं, की त्यांच्या घरात या दोन शब्दांचे अर्थ वेगळे होते. डब्यात विकत मिळतं ते वार्निस. घरी शिजवलेलं ते रोगण. वडील दुकानचं वार्निस वापरत नसत. अंगणात तीन दगड मांडून तेल आणि चंद्रूस नावाची राळ ते स्वतः कढवत, आणि त्यालाच रोगण म्हणत. विकतच्याला चुकूनही रोगण म्हणायचे नाहीत. बाईंनी हा भेद पुण्याला लिहून पाठवला. बाकीचे तीनशेवर शब्द एका बाजूला आणि हा एक दुसऱ्या बाजूला, असं त्यांचं त्या शब्दावर मन होतं.

उत्तर यायला वर्ष लागलं. पत्र सभ्य होतं. शब्दसंग्रहाबद्दल आभार मानले होते. मात्र 'रोगण' शब्द कोशात आधीच असून त्याचा अर्थ 'व्हार्निश' असा दिलेला आहे. आपण सांगता तो भेद कुठल्याही लिखित साधनात आढळत नाही. लेखी आधार असल्यास कळवावा.

"लेखी आधार," बाई दोनदा म्हणाल्या. "आमच्या घरात दोन पिढ्या माणसं बोलत होती, ते काही नाही."

मग त्यांना आठवलं. वडील प्रत्येक कामाच्या तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा जागी मोडीत दोन ओळी लिहायचे. लाकूड कुठलं, वर काय दिलं, त्याचे किती हात, म्हणजे थर, दिले आणि कारागिराचं नाव. वडिलांच्या हातची एखादी वस्तू सापडली तर लेखी आधार मिळणार होता. घरात काहीच उरलं नव्हतं. बाईंनी नगरात विचारायला सुरुवात केली. कापडबाजारातल्या एका पेढीवर डेस्क होतं, ते मोडून जळणात गेलं होतं. एका डॉक्टरांकडचं कपाट तळापासून खरवडून त्याला तेलरंग दिलेला होता. शाळा सुटल्यावर त्या लोकांच्या घरी जायच्या, पदर सावरत वाकून टेबलाखाली बघायच्या आणि कपाळावर धूळ घेऊन परत यायच्या. "आज पुरे."

मी राहात्याला आईला पत्र लिहिलं. उलट टपाली उत्तर आलं, की गावाबाहेरच्या मळ्यात भागूबाईंकडे 'नगरच्या पांचाळाचा' पाळणा आहे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं, बहात्तर संपत आलं होतं. आम्ही तिघं एसटीनं निघालो. सदूमिस्त्रींना डॉक्टरांनी स्पिरिटपासून लांब राहायला सांगितलं होतं आणि ते लांब राहत नव्हते. प्रवास झेपण्यासारखी तब्येत नव्हती, पण त्यांनी ऐकलं नाही. राहुरीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसं खडी फोडत बसली होती. बाया, म्हातारे, डोक्याला फडकी बांधलेल्या मुली. मैलच्या मैल तेच. बाई मधेच म्हणाल्या, "एवढी माणसं दगड फोडतायत, आणि मी एका शब्दासाठी तिकीट काढून निघालेय."

"मग उतर आन् फोड," मिस्त्री म्हणाले. "तुला दोन दगडं फुटायची न्हाईत. शब्दच बघ."

भागूबाईंच्या मळ्यात पेरूची बाग होती, ती वाळून काटक्या झाली होती. कालव्याला पाणी नव्हतं. भागूबाई सत्तरीच्या होत्या, हातात उसाच्या कांडीसारखी काठी. त्यांनी आम्हाला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. त्या वर्षी पाणी देणं म्हणजे काय हे आम्हाला तिघांनाही ठाऊक होतं. माजघरात पाळणा टांगलेला होता. आणि त्यात त्यांची तीन महिन्यांची पणती झोपली होती.

"पालथा करून बघायचाय?" भागूबाई म्हणाल्या. "बघा की. पर पोर उठल्याव. निजलेलं लेकरू मी उचलनार न्हाई. रातभर रडलंय, आयला दूध न्हाई."

आम्ही बसलो. तास गेला असेल. सदूमिस्त्री जमिनीवर सरकत सरकत पाळण्याजवळ गेले आणि त्यांनी खालून, तळाला, दोन बोटं लावली. डोळे मिटले. "आबाचाच हाय," म्हणाले. वडिलांना दोघं आबा म्हणत. "ह्या कोपऱ्यात मी हात दिल्ता. फडकं अडकलं म्हनून आबानं मुस्काडात मारली हुती. हा बघ, उंचवटा हाय अजून." बाईही सरकून पुढे गेल्या. दोघं म्हातारी भावंडं त्या झोपलेल्या पोरीखाली हात घालून बसली होती. चाळीस वर्षं उलटली होती तरी लाकूड पाण्यासारखं चमकत होतं.

पोर उठली, रडली. नातसुनेनं तिला उचलून घेतलं. मी आणि मिस्त्रींनी पाळणा कड्यांवरून काढून उलटा केला. मोडीतल्या दोन ओळी शाबूत होत्या. बाईंनी चष्मा पुसला, वाकल्या, वाचल्या. आणि वाकलेल्याच राहिल्या.

"काय लिवलंय?" मिस्त्रींनी विचारलं.

बाईंनी चष्मा काढून पुन्हा पुसला.

"कमळे?"

तिथं रोगण असं वाचून दाखवणं त्यांना सोपं होतं. त्या खोलीत मोडी वाचणारं दुसरं कुणी नव्हतं. पण त्यांनी बोट ठेवून, एकेक शब्द सावकाश वाचून दाखवला. "सागवान. वारनीस तीन हात. कारागीर तुकाराम पांचाळ, नगर."

"वारनीस?"

"वारनीस लिहिलंय, दादा."

भागूबाईंना काय झालं ते कळलं नाही, पण काहीतरी बिनसलं एवढं कळलं. त्यांनी पुन्हा गुळाची वाटी पुढे केली. सदूमिस्त्री मात्र हळूहळू हसायला लागले. "आबा गिऱ्हाइकाम्होरं सायेब व्हायचा," ते म्हणाले. "घरात रोगन म्हनायचा, गिऱ्हाइकाला वार्निस सांगायचा. इलायती वाटतंय त्यांना. म्या ऐकलंय की माझ्या कानानं. आन् ह्ये वार्निस न्हाई, म्या सोता ढवळलंय ह्ये, डोळं चुरचुरल्यालं अजून ध्यानात हाय."

"पण लिहिलं वारनीसच," बाई म्हणाल्या.

परतीच्या गाडीत त्या खिडकीला डोकं टेकून बसल्या होत्या. राहुरी आली तेव्हा एकदाच म्हणाल्या, "मला वाटायचं, आबा लिहिताना तरी आपला शब्द लिहीत असतील."

दुसऱ्या दिवशी त्या पुण्याला पत्र लिहायला बसल्या. पाळणा सापडला, त्यावर 'वारनीस' असं लिहिलेलं आहे आणि हा पुरावा माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातो, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं. मी म्हटलं, "बाई, हे कळवायची काय गरज? त्यांना पाळण्याचं कुठं माहीत आहे?"

"पाळणा त्यांच्यासमोर नाही म्हणून त्यावरचं अक्षर पुसलं जातं का?" त्यांनी विचारलं. रागानं नाही. त्यांना खरंच माझं उत्तर हवं आहे असं वाटलं.

पण पत्र तिथं संपलं नाही. त्यापुढे त्यांनी भावाचं सांगणं जोडायचं ठरवलं. रोज शाळेतून गेल्यावर त्या वही घेऊन मिस्त्रींच्या खाटेजवळ बसायच्या. मीही दोन-तीनदा गेले. मिस्त्री आता अंगणात कमी आणि खाटेवर जास्त असायचे. वाक्याला तीन-तीन श्वास लागत. तेल किती वेळ तापवायचं, चंद्रूस कधी टाकायचा, धूर कसा दिसला की मागे सरायचं.

"थेंब घ्यायचा दोन बोटांत. तार सुटली पायजेल. पाकाला बघत्यात तशी. तार तुटली तर कच्चं. लई लांबली तर गेलं समदं."

"या तारेला काही वेगळं नाव?"

"तारच की गं. तुला समद्याला नाव पायजेल."

असं हळूहळू चालायचं. बाई लिहीत, वाचून दाखवत. मिस्त्री मान हलवत, नाहीतर दुरुस्त करत. एकदा बाई वाचत असताना ते म्हणाले, "ह्ये छापून आल्याव माजं नाव असनार त्येच्यात?"

"मी तरी लिहिलंय दादा. सांगणार सदाशिव तुकाराम पांचाळ, पॉलिश मिस्त्री, भिंगार."

"मिस्त्री म्होरं लिव. नावाच्या आदुगर. मिस्त्री म्हनूनच वळखत्यात."

बाईंनी खोडून पुन्हा लिहिलं. लिखाण फेब्रुवारीत पुण्याला गेलं. एप्रिलमध्ये, सकाळी चहा पिऊन झाल्यावर, सदूमिस्त्री गेले. बाई तेरा दिवस शाळेत आल्या नाहीत. आल्या तेव्हा दाराजवळच्या खुर्चीवर बसून त्यांनी डोळे मिटले. दोन मिनिटं झाली, पाच झाली. घंटा झाली तशी मी त्यांच्या वर्गावर गेले.

मे महिन्यात उत्तर आलं. सुट्टी होती, पण निकालाच्या कामासाठी आम्ही शाळेत होतो. बाईंनी पत्र वाचून माझ्याकडे दिलं. आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा स्वतः होऊन कळवल्याबद्दल संपादकांनी त्यांचं मनापासून कौतुक केलं होतं. इतक्या सचोटीनं लिहिलेलं टिपण आमच्याकडे क्वचित येतं, सोबतचं कथन विश्वसनीय वाटतं, असंही लिहिलं होतं. मात्र 'र' हा भाग छापून झाला आहे. पुढे कधी पुरवणी निघाल्यास 'नगरकडील कारागिरांच्या बोलण्यात' अशा नोंदीसह हा अर्थ अवश्य घेतला जाईल.

"चांगलं पत्र आहे," मी म्हटलं.

"चांगलं आहे," बाई म्हणाल्या. पत्राची घडी घालून त्यांनी ते पर्समध्ये ठेवलं. "वाचून दाखवायला कुणी नाही, एवढंच."

पुरवणी निघाली की नाही, मला ठाऊक नाही. निघाली असेल तर तिच्यात मिस्त्रींचं नाव आहे की नुसतं 'नगरकडील', तेही ठाऊक नाही. मी कधी शोधायला गेले नाही. भीती वाटली असावी.

जूनमध्ये माझं लग्न ठरलं आणि मी राजीनामा दिला. श्रीरामपूरला जायच्या आधी बाईंचा निरोप घ्यावा म्हणून एका सकाळी, दहाच्या सुमाराला, भिंगारला गेले. अंगणाचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले.

अंगणात एक दोन दारांचं कपाट उभं होतं. शेजारच्या सय्यदांच्या मुलीच्या लग्नातलं. सदूमिस्त्रींनी ते जाण्याआधी हातात घेतलं होतं. डावं दार पूर्ण झालं होतं, उजवं कोरं राहिलं होतं. सय्यदांनी दुसरा कारागीर बघतो म्हटलं, तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, थोडं थांबा. आता त्याच उजव्या दारासमोर त्या उभ्या होत्या. पदर कमरेला खोचलेला, चष्मा काढून ठेवलेला, हातात कापूस गुंडाळलेल्या फडक्याची पुरचुंडी. हात वरपासून खालपर्यंत एका ओढीत येत होता, खाली पोचला की न थांबता वळत होता, पुन्हा वर जात होता. वडिलांनी आयुष्यात त्यांना कधी ते फडकं धरू दिलं नव्हतं, मुलीचं काम नाही म्हणून. भावानं दिलं असतं, पण त्यांनी कधी मागितलं नाही. त्यांनी फक्त बघितलं होतं, पन्नास वर्षं, आणि लिहून घेतलं होतं.

"बाई," मी म्हटलं.

त्यांनी वळून पाहिलं नाही. "बोलू नका आत्ता," म्हणाल्या. "थांबलं की फडकं चिकटतं."

मी उभी राहिले. डाव्या दाराइतकं ते जमत नव्हतं, हे मलाही दिसत होतं. मधल्या भागात एक पट्टा जरा जाड झाला होता. त्यांनाही तो दिसला असणार, कारण हात तिथं आला की त्यांचे ओठ घट्ट मिटायचे. पण हात थांबत नव्हता. दंडावरची शीर उडत होती, मानेवरून घाम पाठीवर उतरत होता. बाहेर रस्त्यानं पलटणीचा एक ट्रक गेला आणि धूळ उठली. त्यांनी डावा हात मागे करून मला खूण केली, दार, दार.

माझं सांगायचं तसंच राहिलं. मी मागे सरले, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून अंगणाचं दार अगदी सावकाश, आवाज न करता ओढून घेतलं.